अकरा मिनिटांची क्लिप

“आधी मी झोपती टेबलावर. मग तुमी बगा, मरती का काय ती.” असं म्हणून मालन हाक्के चढली आणि तिनं स्वतःच साडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

खटाळवाडीच्या अंगणवाडीत आमच्या मेडिकल कॉलेजचं शिबिर होतं. २०१६ सालचा नोव्हेंबर. सोळा बायका भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या आणि दोन तास झाले तरी एकही पडद्याआड यायला तयार नव्हती. तपासणी साधीच. गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते बघायचं. पण गावात कुणीतरी उठवून दिलं होतं, की डॉक्टर पिशवीचा तुकडा कापून नेतात आणि मग बाई वाळत जाते. मालन ही गावची आशा, म्हणजे घरोघर फिरून बायकांची बाळंतपणं, पोरांच्या लसी सगळं बघणारी. वय चाळीस, अंगानं काटक, बोलायला फटकळ. तिनं पडदाही पुरता ओढू दिला नाही. बायकांना डॉक्टरचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणाली.

मी दिवा धरला. व्हिनेगरची गरजच पडली नाही. पिशवीच्या तोंडाच्या वरच्या कडेला सुपारीएवढी कडक गाठ होती, आणि कापूस नुसता टेकवला तरी रक्त येत होतं. सोळा बायका माझ्याकडे बघत होत्या. मी चेहरा जराही हलू दिला नाही. ते मला फार चांगलं जमतं. डॉक्टरकीत मी तेवढी एक गोष्ट मनापासून शिकले आहे.

मालन उठून बसली, साडी सारखी केली आणि बायकांना म्हणाली, “झालं. मुंगीबी चावली न्हाई.” मग त्या सोळाही जणी एकामागून एक आल्या. त्यांच्यात कुणाला काही निघालं नाही. दुपारी सामान गाडीत भरताना मी मालनला नळापाशी बाजूला घेतलं आणि सांगितलं, की गाठ बरी वाटत नाही, कॉलेजला येऊन तुकडा तपासायला द्यावा लागेल. ती ऐकत हात धूत राहिली, बराच वेळ. मग तिनं एवढंच मागितलं, की तिचं काय निघालं ते आज गावात कुणाला कळू देऊ नये. कळलं तर पुढच्या शिबिराला काळं कुत्रं फिरकणार नाही.

तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा, पिशवीच्या तोंडापुरताच. एमआरआयमध्ये बाजूला काहीही पसरलेलं नव्हतं. आमच्या विभागाचे प्रमुख दाभाडे सर. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, सहा फूट उंच, खेडवळ हसणं आणि फावड्यासारखे हात. पोट उघडून ऑपरेशन करायचं आणि तेही सावकाश, ही त्यांची पद्धत. दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्यांची ते चेष्टा करत नसत, पण शिकायलाही तयार नव्हते. मला हाताला लागलं पाहिजे, एवढंच म्हणायचे. आम्ही तरुण मंडळी त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यात चांगली करायचे.

सरांनी वॉर्डात मालनला समजावून सांगितलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. आजार लवकर सापडलाय. पिशवी आणि तिच्या बाजूचं सगळं काढून टाकू. बेंबीखाली उभा टाका पडेल, आठ-दहा दिवस इथं राहावं लागेल, दीड-दोन महिने घागर उचलायची नाही. मग तुला म्हातारी झाल्याशिवाय मरण नाही. मालननं विचारलं, दोन महिने गावात फिरायचं नाही म्हणजे शिबिराचं कोण बघणार. सर म्हणाले, शिबिरं पुढेही होतील. तिचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारच्या यादीत लागलं.

आता कार्यशाळेचं सांगते.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी आमच्या कॉलेजात मोठा कार्यक्रम होता. मुंबईहून डॉक्टर आचरेकर येणार होते. ऑपरेशन थिएटरमध्ये ते दुर्बिणीतून कॅन्सरची पिशवी काढणार, आणि ते सगळं खालच्या सभागृहात पडद्यावर दोनशे डॉक्टर बघणार, माइकवरून प्रश्न विचारणार. आमच्या धंद्यात ह्याची मोठी हौस असते. स्वागताला शाल-श्रीफळ, मध्ये जेवण, शेवटी सर्टिफिकेट, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध टेबलावर एक बाई. तिला आम्ही ‘केस’ म्हणतो. केस बारीक अंगाची हवी, गाठ छोटी हवी, आधी पोट उघडलेलं नको. अशी केस शोधायचं काम माझ्याकडे होतं. मी शोधलेली बाई शुक्रवारी सकाळी तापानं फणफणली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिला नकार दिला.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि मला आचरेकरांकडे फेलोशिप हवी होती. वर्षाला दोनच जागा. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होता आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. केस गेल्याचं कळवायला फोन केला तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, मग मी भाषण करून परत जातो, पण ऑपरेशनात हाताखाली असणारा लक्षात राहतो, भाषणाला कोण होतं ते नाही. फोन ठेवला आणि मी मंगळवारची यादी काढली. बारीक अंगाची, सुपारीएवढी गाठ, पोटावर एकही टाका नाही. मला इतका आनंद झाला की मी जिन्यानं दोन-दोन पायऱ्या टाकत वॉर्डात गेले.

मालन खाटेवर बसून शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीला बाळाला कसं धरायचं ते शिकवत होती. मी स्टूल ओढून बसले आणि तिला दुर्बिणीच्या ऑपरेशनचं सांगितलं. टाका नाही. चार भोकं, करंगळी जाईल एवढीशी. चौथ्या दिवशी घरी. रविवारी मुंबईचे मोठे डॉक्टर स्वतः करणार. फक्त पडद्यावर इतर डॉक्टर बघतील, तोंड कुणाला दिसणार नाही.

“तोंड का न्हाई दिसणार? दिसू दे की.”

नियम असतो, असं मी सांगितलं. ती विचारात पडली. तिचा जीव कशात गुंतलाय ते मला शिबिराच्या दिवशीच कळलेलं होतं. म्हणून मी तेच वापरलं. म्हटलं, उभा टाका घेऊन दोन महिने घरात पडलात तर गावातल्या बायका काय म्हणतील? तपासणी केली आणि मालन फाडली, असंच म्हणतील. त्याऐवजी आठ दिवसांत चालत जाऊन चार भोकं दाखवाल तेव्हा बघा.

मालनचा चेहरा उजळला. ते मला आजही स्पष्ट दिसतं. मग तिनं दोन प्रश्न विचारले.

“आजाराला कंचं बरं?”

“दोन्ही सारखीच.” हे मी खोटं बोलले नाही. त्या वेळी आमची सगळी पुस्तकं तसंच म्हणत होती.

“दाभाडे सर काय म्हणत्यात?”

सर परीक्षक म्हणून बेळगावला गेले होते. माझं त्यांच्याशी बोलणं झालेलं नव्हतं.

“सरांचंही हेच म्हणणं आहे,” मी म्हणाले. “त्यांनीच सुचवलं.”

“मग इचारायचं काय त्यात,” मालन म्हणाली आणि फॉर्मवर सही केली. सही चांगली मोठी, पूर्ण नावाची केली.

त्यानंतर मी सरांना फोन लावला. सांगितलं, की बाई स्वतःच दुर्बिणीचं मागतेय, टाका नको म्हणून हटून बसली आहे, रविवारी करून घ्यायला तयार आहे. सरांनी विचारलं, तिला सगळं नीट सांगितलंस ना. मी हो म्हणाले. तिलाच हवं असेल तर मी अडवणारा कोण, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोन खोटी वाक्यं, एक वॉर्डात आणि एक फोनवर. दोन्ही मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटलं, ह्यात वाईट काय आहे? बाई बरी होणार, सर दोन दिवस रुसणार, मला फेलोशिप मिळणार.

रविवारी सकाळी साडेनऊला मालनला भूल दिली. आचरेकर वर, तिच्या पोटापाशी उभे राहिले. माझं काम खालचं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पिशवी हातानं धरता येत नाही, म्हणून खालून, पिशवीच्या तोंडातून, एक लोखंडी दांडा आत घालतात. त्याला मॅनिप्युलेटर म्हणतात. एका माणसानं बाईच्या दोन पायांमध्ये स्टुलावर बसायचं आणि वरचा सर्जन सांगेल तशी त्या दांड्यानं पिशवी ढकलायची, उजवीकडे, डावीकडे, वर. मालनच्या पिशवीच्या तोंडावरच ती सुपारी होती. दांडा तिच्यातूनच आत गेला. मी तो घातला.

“वर, केतकी. अजून वर. जोर लाव, मोडत नाही ती,” असं आचरेकर म्हणत होते आणि ते खाली सभागृहात ऐकू जात होतं. दोनशे लोकांसमोर माझं नाव घेतलं जात होतं. मी दोन्ही हातांनी दांडा धरून ढकलत होते. दंड भरून आले, घाम डोळ्यांत गेला, पण मी हात सैल सोडला नाही. आचरेकरांचा हात खरोखर सुंदर होता. पडद्यावर रक्ताचा थेंब दिसत नव्हता. खालून लोक मधूनमधून टाळ्या वाजवत होते.

सव्वा तास झाला असेल. सभागृहातला माइक खरखरला आणि दाभाडे सरांचा आवाज आला. ते पहाटेच बेळगावहून निघून आले होते. त्यांनी इंग्रजीत एक प्रश्न विचारला. सावकाश, एकेक शब्द तोडून, नेहमीसारखं. आचरेकरांनी मान वर न करता इंग्रजीतच उत्तर दिलं. खाली हॉल जो हसला, तो स्पीकरमधून थिएटरभर ऐकू आला. भूलवाले डॉक्टर हसले, सिस्टर हसली. मी दांडा धरून मास्कच्या आत हसले. प्रश्न काय होता आणि उत्तर काय होतं, ते पुढे मला सांगावं लागलंच. तेव्हा इथेही येईल.

दुसऱ्या दिवशी मालन वॉर्डात चालत होती. लघवीची पिशवी हातात धरून दर खाटेपाशी थांबत होती आणि पोलक्याखालचं पोट उघडून भोकं दाखवत होती. दाभाडे सर राउंडला आले तेव्हा तिनं त्यांना वाकून नमस्कार केला.

“सर, तुमी म्हणला तसंच केलं बगा. तुमचं म्हणणं हाय म्हटल्यावर मी काय इचारच केला न्हाई.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी चेहरा हलू दिला नाही. त्यांनी तिचा हात हातात घेतला, दुखतंय का विचारलं, पुढच्या खाटेकडे गेले. राउंड संपल्यावर व्हरांड्यात ते माझ्यासाठी थांबले. ती काय म्हणाली ते ऐकलंस ना, असं विचारलं. मी हो सर म्हणाले. ऐकलंस म्हणजे झालं, म्हणून ते निघून गेले. निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी मला ओरडायला हवं होतं, असं मला पुष्कळदा वाटायचं. ते ओरडले असते तर मी कदाचित तिला तेव्हाच खरं सांगितलं असतं. हाही बहाणाच आहे, म्हणा.

काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट उत्तम आला. कापलेल्या कडा स्वच्छ, बाजूच्या लसीका ग्रंथीही स्वच्छ. शेकाची, म्हणजे रेडिएशनचीही गरज नाही. मला फेलोशिप मिळाली आणि मी सामान बांधू लागले. जायच्या आधी मालनचा फोन आला. ऑपरेशनचा व्हिडिओ तिला हवा होता. गावात दाखवायला. आचरेकरांच्या माणसानं सगळं कापून, जोडून अकरा मिनिटांची क्लिप तयार केली होती, आणि आचरेकरांना स्वतःचा विनोद इतका आवडला होता, की तो प्रश्न, ते उत्तर आणि ते हसणं त्यात आवर्जून ठेवलं होतं. मी ती क्लिप तिला मोबाइलवर पाठवून दिली. तेवढं तरी तिच्यासाठी करावं, असं वाटलं.

मालननं त्या क्लिपचं काय केलं ते मला नंतर कळत गेलं. खटाळवाडी झाली, मग आजूबाजूच्या वस्त्या, मग तालुक्याच्या दुसऱ्या टोकाची गावं. बायका जमवायच्या, आधी पोटावरची भोकं दाखवायची, मग मोबाइल मधे ठेवून क्लिप लावायची. बायकांना आतलं लालपिवळं काही कळायचं नाही, त्या तोंड फिरवायच्या. पण हसण्याची जागा आली की मालन क्लिप थांबवायची आणि म्हणायची, “बगा, डॉक्टर हसत्यात. मग तुमी कशाला रडताय?” दीड वर्षात तीनशे अकरा बायका तिनं टेबलापर्यंत आणल्या. त्यांतल्या नऊ जणींना वेळेत उपचार मिळाले. त्या नऊ जणी अजून चांगल्या आहेत.

२०१८च्या शेवटी एक मोठा अभ्यास छापून आला. वेगवेगळ्या देशांतल्या शेकडो बायकांचा. सुरुवातीच्या ह्याच कॅन्सरसाठी निम्म्यांची पोटं उघडली होती, निम्म्यांची ऑपरेशनं दुर्बिणीतून केली होती. दुर्बिणीवाल्यांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण जास्त निघालं, मरणाऱ्याही जास्त. असं का, ते नक्की कुणालाच सांगता येईना. संशय त्या दांड्यावरही होता, पोट फुगवायला आत भरायच्या हवेवरही होता. आचरेकर म्हणाले, ह्या लोकांना ऑपरेशनच येत नसणार. मी लगेच मान डोलावली. मला ते पटायलाच हवं होतं. एक छापील प्रत मला पोस्टानंही आली. पाकिटावर दाभाडे सरांचं अक्षर होतं, आत चिठ्ठी नव्हती.

त्याच डिसेंबरात मालनची कंबर दुखू लागली. फिरून फिरून दुखत असेल, म्हणून तिनं दोन महिने काढले. मग एक पाय सुजला. ज्या जागेतून पिशवी काढली होती, तिथंच वरच्या टोकाला गाठ परत आली होती आणि आजूबाजूला रुतली होती. शेक झाला, सलाईनमधून औषधं झाली, डोक्यावरचे केस गेले. मी तोवर कॉलेजात परत आले होते आणि ती आली की तिला दुसऱ्या युनिटकडे पाठवत होते. खोटं कशाला बोलू, मी तिला टाळत होते. ती जानेवारी २०२० मध्ये गेली. त्याआधी तिची आणि माझी समोरासमोर गाठ एकदाच पडली.

२०१९च्या नोव्हेंबरात खटाळवाडीला पुन्हा शिबिर लागलं. त्याच अंगणवाडीत. दहाला टेबल मांडलं, साडेबारापर्यंत एक बाई आली नाही. अंगणवाडीच्या सेविकेनं खाली बघत सांगितलं, की आता कुणी येणार नाही. मालननं तपासणी केली, मालनच चालली. काय सांगायचं बायकांना? मग तीच म्हणाली, की मालननं तुम्हाला घरी बोलावलंय, सकाळीच निरोप आलाय.

घर दोन गल्ल्या पलीकडे. नवरा मेंढरं घेऊन रानात गेला होता, मुलगी रेणुका कॉलेजला. सोप्यात खाटेवर मालन उशीला टेकून बसली होती. डोक्याला फडकं, एक पाय दुसऱ्याच्या दुप्पट. दार सताड उघडं होतं आणि रस्त्यावरचं ऊन तिच्या पायापर्यंत येत होतं. मी काहीतरी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या वेळेवर घेता का वगैरे. तिनं उशाचा मोबाइल घेतला आणि क्लिप लावली. तिला नेमकी जागा ठाऊक होती. सरांचा आवाज आला, मग आचरेकरांचा, मग हॉल हसला. तिनं मोबाइल बंद केला.

“ह्यात सर काय इचारत्यात?”

मी म्हणाले, सरांनी विचारलं, अजून किती वेळ लागेल. आचरेकर म्हणाले, तुम्हाला लागतो त्याच्या निम्मा. म्हणून सगळे हसले. हे मी एका दमात बोलले. चेहरा अजिबात हलला नाही.

मालन माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं उशीखालून वहीचं एक पान काढलं.

“रेणुका बारावी सायन्सला हाय. चारदा ऐकून तिनं लिवून दिलंय. मला म्हायती हाय ह्यात काय हाय ते. तुमी काय सांगताय, ते बगायचं हुतं.”

पान तिनं मला दिलं नाही, हातातच ठेवलं.

“आता सांगा,” ती म्हणाली.

मग मी सांगितलं. सरांनी विचारलं होतं, ‘गाठ पिशवीच्या तोंडावर आहे आणि तुमचा दांडा तिच्यातूनच गेलाय. तासभर तुम्ही ती गाठ घुसळताय. त्यातलं काही आत सांडत असेल तर?’ आणि आचरेकर म्हणाले होते, ‘दाभाडे सर, तुम्ही पोट एवढं मोठं उघडता, की आत तुमचा चष्मा सांडला तरी तुम्हाला कळणार नाही.’

“चष्मा,” मालन म्हणाली. “रेणुकाला ती कळलं न्हवतं. तिनं नुसतं ‘काच’ लिवलंय.”

बाहेरून एक मोटारसायकल गेली. ती जाईपर्यंत मालन थांबली.

“म्हंजी सरांचं म्हणणं ती न्हवतं.”

“नाही.”

“तुमी सरांस्नी काय सांगितलं हुतं?”

“तुम्हालाच दुर्बिणीचं हवंय, असं.”

तिनं मान हलवली. रागानं नाही, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. मला वाटलं आता रडेल, शिव्या देईल. मी त्या शिव्यांची वाट बघत होते. मी म्हणाले, मालनताई, त्या वेळी सगळे सारखंच मानत होते, सरांच्या हातूनही परत आलं नसतं असं कुणी सांगू शकत नाही. ते खरंही होतं. पण बोलताना मला स्वतःचीच किळस आली.

“तीनशे अकरा बायकांस्नी मी ही हसणं ऐकवलंय,” ती म्हणाली. “गावोगाव. डॉक्टर हसत्यात, बगा म्हणून. आनि तुमी?”

“मी काय?”

“तुमी हसला का?”

“हो.”

“तोंडाला फडकं असंल.”

“होतं.”

“मग कुणाला दिसलं न्हाई.”

“नाही.”

“मला दावा.”

मला कळलं नाही. की कळलं, पण मी कळू दिलं नाही.

“कसं हसला ती दावा मला. एकदाच. दुसरं काय मागत न्हाई मी तुमच्याकडं.”

मी म्हणाले, मालनताई, असं करू नका. शिबिरात पहिली बाई उठेपर्यंत ती जशी शांत बसायची, तशी बसून राहिली. तिच्याकडे वेळ नव्हता आणि तरी तिला घाई नव्हती. मी उठून जाऊ शकत होते. दार उघडंच होतं.

मी ओठ ताणून दाखवले.

“असं नसंल,” ती म्हणाली. “आवाज असंल की.”

मग मी हसले. आवाजासकट, त्या दिवशी हसले होते तशी. सुरुवात जड गेली, पण पुढे ते आपोआप येत गेलं आणि मला ते लगेच थांबवताही येईना. तिनं डोळा न हलवता शेवटपर्यंत बघितलं. पाणी भरायला निघालेल्या दोन बायका ते हसणं ऐकून दारात थांबल्या, घागरी कमरेवर घेऊन. एकदा माझ्याकडे आणि एकदा खाटेकडे बघू लागल्या.

“बगा,” मालन त्यांना म्हणाली, “डॉक्टर हसत्यात.”